तेवीस मंत्री आणि एक जनता

सातवीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा मुख्याध्यापक नुसतं "बघा बाई" एवढंच म्हणाले. पाथर्डी तालुक्यातल्या त्या गावात मी नवीनच खोली घेऊन राहिले होते. वर्गात चोवीस मुलं आणि समोर माझ्या तोंडाचा पट्टा. आठवडाभरात माझा घसा बसला. मुलांचे घसे खणखणीत होते.

त्याच महिन्यात तालुक्याला प्रशिक्षण झालं. तिथले साहेब म्हणाले, प्रत्येक मुलाला जबाबदारी द्या, वर्ग आपोआप शिस्तीत येतो. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण घसा बसलेल्या माणसाला कुठलाही काढा चालतो. दुसऱ्याच दिवशी मी वर्गाचं मंत्रिमंडळ केलं. इतर शाळांत ते चार-पाच जणांचं असतं. मी कुणालाच वगळलं नाही. पाणीमंत्री, आहारमंत्री, खडूमंत्री, चपलामंत्री. खाती संपत आली तेव्हा दाराला एक आणि दोन खिडक्यांना दोन मंत्री नेमले. सगळ्यात जास्त बडबड करणाऱ्याला मुद्दाम शांतता मंत्री केलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

एक मुलगी त्या दिवशी गैरहजर होती. दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "बाई, मला काय?"

खाती संपली होती. मी वैतागून म्हटलं, "तू जनता."

ती निमूट जागेवर जाऊन बसली.

पुढचे दोन दिवस विचारू नका. शांतता मंत्री "शांतता" असं ओरडायचा की भिंतीपलीकडची सहावी दचकायची. खिडक्यांचे मंत्री वाऱ्यावरून भांडत होते. आहारमंत्री खिचडीची चव बघता बघता पोटभर जेवत होता. सगळं मंत्रिमंडळ बरखास्त करायचं मी ठरवलंच होतं, तेवढ्यात जनता उभी राहिली.

"बाई, मंत्री एवढे हायत, मग तक्रार कुनाकडं करायची?"

मी तिला एक जुनी वही दिली. म्हटलं, यात लिही, शनिवारी मोठ्यानं वाचू. शनिवारी वही उघडली तर पान भरलेलं. शांतता मंत्री स्वतः शांत बसत नाहीत. आहारमंत्र्यांनी खिचडीत बोट घातलं. चपलामंत्र्यांचीच चप्पल उंबऱ्यात आडवी असते. मी वाचत गेले आणि एकेक मंत्री मान खाली घालत गेला.

सोमवारपासून वर्ग ओळखू येईना. पाण्याचा पहिला पेला जनतेला. खिडकी उघडण्याआधी "वारं लागंल का?" अशी विचारणा जनतेला. तिनं पेनाचं टोपण काढलं, की शांतता मंत्री तोंडावर हात ठेवून बसायचा. मला गळा फाडून जमलं नाही ते ही पोरगी टोपण काढून करत होती. मला तिचा राग आला, खरं सांगते. घसा मोकळा झाल्यावर तो रागही गेला.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिनं वही परत आणून दिली. "आमी कारखान्याला जानार हाय, ऊस तोडायला. उन्हाळ्यात येऊ."

माझ्या मनात पहिला विचार माझ्या घशाचा आला. त्याची अजून लाज वाटते. दुसरा विचार तिच्या थोरल्या बहिणीचा. मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, तीही सातवीतच अशी गेली होती आणि परत शाळेत आलीच नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. शांतता मंत्र्यानं बातमी गावभर केली होती, त्यामुळे माझ्यामागे सगळं मंत्रिमंडळ. तिची आई गोणीत भांडी भरत होती. हिला गावातच ठेवा म्हणत मी शिक्षणाचं महत्त्व सुरू केलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं खरं हाय. झोपंल ती आजीपाशी. पन म्हातारीला चुलीम्होरं बसवत न्हाई. हिला रोज खायाला कोन घालनार?"

मागून शांतता मंत्री म्हणाला, "पन जनताच गेली तर आमी मंत्री कुनाचे?"

आहारमंत्री पुढे आला. "दुपारचं शाळंत हाय. सोमवारी रातच्याला आमच्यात."

मग चपलामंत्र्यानं मंगळवार घेतला, पाणीमंत्र्यानं बुधवार. शांतता मंत्र्यानं दोन दिवस मागितले, त्याची आई असंही जास्तच रांधते म्हणून. शनिवारसाठी खिडक्यांचे दोन्ही मंत्री भांडले. रविवार उरला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाईंकडं नगं," जनता हळूच म्हणाली. "त्या लई चिडत्यात."

तिची आई हसली. मी रविवार घेतला, तोही चिडूनच.

दुसऱ्या दिवशी मी घरोघरी जाऊन मंत्र्यांच्या आयांना विचारलं. कुणीच नाही म्हणालं नाही. हे कळल्यावर तिची आई म्हणाली, "ठिवते. पन हिला मंत्री करू नका, बाई. मंत्री झाली की कामाची ऱ्हायची न्हाई."

तिच्या आईला घेऊन कारखान्याचा ट्रक सुट्टीतच गेला. शाळा उघडल्यावर मी वही जनतेला परत दिली, पहिल्या शनिवारी सवयीनं उघडली आणि आधी न बघताच मोठ्यानं वाचलं.

"आई गेली. हे कोणत्या खात्यात येतं?"

वर्गात तेवीस मंत्री होते. शांतता मंत्री जमिनीकडे बघत होता.

"माझ्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे जेवायला आली. फारसं बोलली नाही. दोन भाकरी खाल्ल्या, ताट स्वतः घासलं आणि गेली. सोमवारी वही माझ्या टेबलावर होती. त्यात नवी तक्रार.

"बाईंच्या आमटीत मीठ नव्हतं. पुढच्या रविवारी बघावे."

मी खाली सही केली आणि घरी जाताना मिठाचा पुडा घेतला.