खांबच्या बांधावर मन्सूरला हवेत पकडताना

"मीनल, कॅमेरा विकला नायस ना?"

एरवी मन्सूरचा फोन कतारहून येतो, तोही ईदला. या वेळी तो रोह्याहूनच बोलत होता. महिन्याच्या रजेवर आलेला. खांब गावाजवळच्या शेतातली मोटरसायकलची रेस यंदा शेवटची, चाळिशीच्या वरच्यांसाठी वेगळा गट ठेवलाय आणि पठ्ठ्यानं नाव दिलंय. "तू येणार असशील तरच धावतो," म्हणाला. आता यावर नाही कसं म्हणणार? नवरा म्हणाला, गुडघ्याला पट्टा लावणारी माणसं रेस धावणार आणि कंबरेला पट्टा लावणारी फोटो काढणार. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

पुण्याहून पहाटे निघाले आणि खोपोलीमार्गे पेणला पोचले. रोह्यालाच जायचं तर ताम्हिणीचा रस्ता जवळचा, पण पेण टाळून जायला माझं मन होईना. बाबांचा फोटो स्टुडिओ इथलाच. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. शेजारचा गणपतीचा कारखाना मात्र जागेवर आहे, आणि ओल्या मातीचा वासही तोच. दारात उभी राहून मी तो भरपूर घेतला. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मग पोह्याचे पापड आणि मिरगुंड घेतले. तुम्हीही घ्या, पण हमरस्त्यावर नाही, गावात आत जाऊन.

दर वर्षी भातकापणी झाली की बाबा मला रेसला न्यायचे. एकच रोल मिळायचा. बाबांचा हुकूम असायचा, "गाडी जमिनीवर असताना बटण दाबायचं नाही. हवेत पकडायचं." रेसच्या वाटेत शेताचा एक उंच बांध लागायचा, त्यावरून गाड्या उडायच्या. मी बांधाच्या अलीकडे, वाटेच्या बाजूला खाली बसायचे. तिथून गाडी थेट आकाशात दिसते. सगळे स्वार मिळायचे, फक्त मन्सूर नाही. त्याच्या फोटोत वरती भरपूर आकाश आणि तळाशी अर्धं हेल्मेट. तो एसटीनं पेणला प्रिंट न्यायला यायचा, पाकीट उघडायचा आणि म्हणायचा, "आकाश छान आलंय गो." मला वाटायचं, माझाच अंदाज चुकतोय.

वडखळ, नागोठणे करत पुढे गेले. रस्ता आता बराच रुंद झालाय, पण मधेच वळवून कच्च्यावर काढतात, तेव्हा तासभर जास्तीचा धरून निघा. कोलाडला तांदळाची भाकरी आणि बोंबील खाल्ले. दोघांचं पोट पाचशेच्या आत भरतं. रोह्यात हजार-बाराशेला बरी खोली मिळते. मला मात्र मन्सूरच्या बायकोनं, रेहानानं, लॉजचं नावही काढू दिलं नाही.

संध्याकाळी चहा पिताना मन्सूरनं मला जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. त्या बांधाच्या पलीकडचं खाचर गणपतकाकांचं. भात निघालं की ते तिथे वाल पेरायचे. रेसची वाट बांधावरून पलीकडच्या कडेनं जायची. जोरात उडालेली गाडी थेट वालात पडणार. म्हणून काकांची एकच अट असायची, बांधावर गाडी हळू घ्यायची. रेसच्या दिवशी ते स्वतः बांधावर हात वर करून उभे राहायचे. बाहेरगावचे स्वार बघून न बघितल्यासारखं करायचे.

"आणि तू?" मी विचारलं.

"आपल्या घरात पन वाल पेरतात ना गो. कसा उडू?"

म्हणजे माझा अंदाज कधी चुकलाच नव्हता. हा पठ्ठ्या उडतच नव्हता.

"पन यंदा वाल नाय," तो म्हणाला. "काकांनी जमीन विकली. पोरं पनवेलला, कोन करनार? आता तिथं प्लॉट पडतील, भिंत येईल. यंदा मोकळं हाय सगळं. एकदा मला उडायचंय मीनल. आनी तू मला हवेत पकडायचंस."

रेहाना म्हणाली, "आनी पडलात तर कतारला कोन जानार? मी?" पण हसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेतावर पोचलो. धाटावच्या कंपन्यांतून पहिली शिफ्ट सुटल्यावर माणसं दुचाक्यांवरून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्रं लटकवून. फोटो काढणाऱ्यांसाठी सांगते. धुळीत लेन्स बदलू नका. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहू नका, गाड्या तिकडेच घसरतात. मी माझ्या जुन्या जागी बसले. बसले म्हणजे काय, दोन माणसांनी बसवलं.

आणि बांधावर गणपतकाका उभे होते. ऐंशीच्या घरात असतील. पांढरी टोपी, हातात काठी. "काका, आता कशाला उन्हात?" मी विचारलं.

"घरात बसून काय करू गो? दर वर्षी येतो."

चाळिशीवाल्यांच्या तीन फेऱ्या होत्या. मी कॅमेरा बांधाच्या वर, आकाशावर रोखून ठेवला. पुढचे दोघे मस्त उडाले, दोघेही नेमके चौकटीत आले. मागून मन्सूर आला. मी बटण दाबलं. पाहिलं तर आकाश, आणि तळाशी अर्धं हेल्मेट.

गुडघा दुखत असेल, म्हटलं. दुसऱ्या फेरीला येईल वर. दुसऱ्या फेरीलाही तेच. फोटोचं जाऊ दे, त्याची उडी राहत होती, आणि पुढच्या वर्षी इथे भिंत असणार होती. "उड ना रे," मी पुटपुटले.

तिसऱ्या फेरीला तो येताना दिसला आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी कॅमेरा खाली आणला. बाबा असते तर ओरडले असते. चौकटीत बांध आला, बांधावर दोन्ही चाकं टेकवून चाललेला मन्सूर आला, आणि टोकाला काका. काकांचा हात वर होता.

मन्सूर शेवटून दुसरा आला. हेल्मेट काढून माझ्याकडे आला आणि खाली बसला. "हातानं ऐकलं नाय गो," म्हणाला. "तिन्ही वेळा ठरवून आलो. बांध आला की हात आपोआप ढिला पडतो."

मी कॅमेऱ्यातला फोटो त्याला दाखवला. काकाही वाकून बघायला लागले. बराच वेळ बघत राहिले.

"माझा हात कशाला वर गेला?" ते म्हणाले. "हाय काय तिथं?"

मी मन्सूरला म्हटलं, वाट मोकळी आहे, जा आणि एक उडी मारून ये, मी पकडते. त्यानं बांधाकडे पाहिलं, मग काकांकडे. "ऱ्हाऊ दे," म्हणाला. मला फार वाईट वाटलं, आणि तेवढंच बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताम्हिणीतून परत आले. त्या रस्त्याला रविवारी जाऊ नका, एवढंच सांगते. शेकड्यांनी फोटो आणले होते, हवेतले, धुळीतले, झकास. मोठे करून घेतले ते मात्र एकाच फोटोचे दोन प्रिंट. एक मन्सूर कपड्यांच्या मधे ठेवून कतारला घेऊन गेला. दुसरा रेहानानं काकांना नेऊन दिला.

परवा तिचा फोन आला होता. काकांनी फोटो ओटीवर लावलाय. मी खाली बसून काढलेला, त्यामुळे बांधामागचं काहीच त्यात दिसत नाही. येईल त्याला काका सांगतात, हे माझं शेत. कुणी विचारलं की शेतात पेरलंय काय, तर म्हणतात, "वाल हाय. बांधाच्या पलीकडं."