‘मालक स्वतः दूध देतात’ आणि आमचे नाना पेंटर

नाना जाऊन आज एक वर्ष झालं, आणि मी अजून कोणालाही माफ केलेलं नाही.

पोस्ट लांब आहे. ज्यांनी तो फोटो फॉरवर्ड केला होता, त्यांनी तरी पूर्ण वाचा.

नाना म्हणजे माझे वडील. शिरपुरात बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं नाव.
फ्लेक्स आला, निम्मं काम गेलं. ब्रश सोडला नाही.

त्यांचा एक नियम होता. मजकूर तोंडी घ्यायचा नाही.
"कागदवर लिखी दे भाऊ," म्हणायचे. ते कागद तारेत खोवून ठेवायचे, वर्षानुवर्षं.

गावातल्या एका डेअरीवाल्या शेठने असाच कागद आणून दिला.
"खात्रीचे ताजे दूध. मालक स्वतः दूध देतात."

त्याला म्हणायचं होतं, नोकर नाही, माप मी घालतो.

नानांचं काम आमच्या ओसरीवरच चालायचं, त्यामुळे पुढचं बोलणं आईने ऐकलंय.
"शेठ, हाई असं लिखू नका. लोक हसतीन. 'माप मालक स्वतः घालतात' असं करू."
"तू पेंटर शेस, मास्तर नही. जे लिखेल शे तेच काढ."
"मंग कागदवर खाले सही करा."

शेठने सही केली. नानांनी बोर्ड काढला. कोपऱ्यात नेहमीसारखं बारीक अक्षरात: नाना पेंटर, शिरपूर. आणि मोबाईल नंबर.

मी तेव्हा धुळ्यात नोकरीला होते. लंच टाइममध्ये रील्स, जोक्स, कुठले कुठले विचित्र फोटो बघत बसायचे. दोन देठांचं वांगं, हेल्मेट घातलेला बोकड, असलं काहीतरी. मजेशीर पाट्यांचं एक पेज होतं, लाखो फॉलोअर्सवालं. त्यावर तो बोर्ड आला.
मी हसले. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.
मग झूम केला. कोपरा दिसला.

कॅप्शन होतं, "या पेंटरला कोणीतरी शाळेत घाला रे."

नानांना फोन सुरू झाले. पुण्याहून, नाशिकहून, कुठून कुठून.
"पेंटर का? तुम्ही पण दूध देता का?"

सुरुवातीला नानांना ते खरे गिऱ्हाईकच वाटले. "नाही भाऊ, मी पेंटर. डेअरी चौकात शे," असं सांगून ते शेठचा पत्ता द्यायचे. नीट, खुणा सांगून. पलीकडे चार-पाच जण हसायचे आणि फोन कट.

कितीतरी दिवसांनी त्यांनी मलाच विचारलं, "बेटा, ह्या लोके हासतस कसाले?"
मी फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून एकेक अक्षर पाहिलं. मग म्हणाले, "अक्षर चांगलं आलंय." एवढंच.

मी पेजला मेसेज केला. वडिलांचा नंबर आहे, प्लीज काढा.
उत्तर आलं: "चिल ताई 😂"

आणि शेठ? शेठ फेमस झाला. लोक येऊन बोर्डाखाली सेल्फी काढायचे. एका लोकल चॅनलवाल्याने माईक पुढे केला, तर हा हसत हसत म्हणाला, "काय करणार, पेंटर अडाणी निघाला."

मी म्हटलं, नाना, सहीचा कागद आहे ना, दाखवू या.
"राहू दे. गावमा राहणं शे."

त्यानंतर ते बोर्डावर नाव टाकेनासे झाले. मग अक्षरंच बंद. शेवटी शेवटी फक्त गेट आणि ग्रिल रंगवायचे.

त्या बोर्डामुळे गेले असं मी म्हणणार नाही. हार्टचा त्रास आधीपासून होता. पण शेवटची दोन वर्षं त्या माणसाने एक 'क' काढला नाही, आणि ते कोणामुळे, हे मला माहीत आहे.

तो कागद मला त्यांच्या तेराव्याच्या दिवशीच तारेत सापडला. आई म्हणाली, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बाहेर काढ. तिथीने ते मागच्या आठवड्यात झालं.

आज सकाळी शेठच्या डेअरीच्या पेजवर नानांचा फोटो. हात जोडलेले, दिवा, "आमचे परममित्र."

मी त्याला कागदाचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन.
"ताई, जुनं कसाले काढतेस? माणूस गया."
"तुमच्या पेजवर एक ओळ लिहा. शब्द माझे होते, पेंटरचे नव्हते. बारापर्यंत."
"माझा धंदा शे, ताई."
"त्यांचाही होता."

बारा वाजून गेले. त्याने श्रद्धांजलीची पोस्ट डिलीट केली. ओळ लिहिली नाही.

म्हणून खाली फोटो जोडलाय. अक्षर शेठचं, सही शेठची. पोस्ट पब्लिक आहे, बिनधास्त शेअर करा. पाट्यांच्या त्या पेजलाही टॅग केलंय.
शेठचे फोन येत आहेत. मी उचलत नाहीये. पुढचं एक वर्ष तरी उचलायचा विचार नाही.

नाना, तुम्ही राहू दे म्हणाला होतात. तुमचं हे एकच ऐकलं नाही.

सुखाने या आता.