पालथे पडण्याचे दिवस

तेलंगण वेगळे झाले त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. उजवा डोळा लहानपणापासून अधू होता. दिसत होते ते या एकाच डोळ्याने.

शस्त्रक्रिया हैदराबादलाच झाली. पडदा जागेवर बसवून तो दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो आणि पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. म्हणून तोंड खाली करून पालथे पडायचे, जेवण आणि शौच सोडता मान उचलायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

चिक्कडपल्लीच्या घरी माणसे भेटायला येऊ लागली. भाऊ सरकारी कचेरीत अधीक्षक होता. कोणाला आंध्रात पाठवणार, कोणाला इथेच ठेवणार, हे तेव्हा ठरायचे होते. येणारा डोळ्याची चौकशी करून लगेच त्या विषयावर यायचा.

वहिनी दारातच सांगायची, "ते पालथे आहेत. उठायचं नाहीये त्यांना."

"दोनच मिनिटं, वहिनी."

आतून भावाचा आवाज यायचा, "येऊ दे त्यांना. चहा टाक." मग तो उठून बसायचा, शर्ट चढवायचा. घरी आलेल्या माणसाशी पडल्या पडल्या बोलण्याची आमच्याकडे रीत नव्हती.

"लेटके रहो साब, तकलीफ नक्को करो," गौलीगुड्याचा एक सहकारी म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

"पालथं पडून मालिशवाल्याशी बोलतात," भाऊ म्हणाला. "बोला, काय ऐकलंत?"

"डोळा गेल्यावर बसा सगळ्यांची तोंडं बघत," वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली. सहकारी हसला. तासभर बसला.

पडदा पुन्हा सुटला. त्यावर व्रणाचे पापुद्रे धरले होते. दुसऱ्या शस्त्रक्रियेत ते सोलून काढले आणि वायूऐवजी सिलिकॉनचे तेल भरले. वहिनीने डॉक्टरांना विचारले, "हे उठून बसायचे, त्यानं झालं का?"

"तेच कारण, असं खात्रीनं सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. पुढे कोणी विषय काढला की भाऊ हे वाक्य जसेच्या तसे ऐकवायचा.

या खेपेला तो सांगितले तितके दिवस पालथा राहिला. भेटायला कोणी आले नाही. नेमणुका ठरून गेल्या होत्या.

काही महिन्यांनी डोळ्यातला दाब वाढला. थेंबांनी उतरेना, म्हणून तिसऱ्या शस्त्रक्रियेत तेल काढले. नंतरच्या तपासणीत पडदा जागेवर होता. डॉक्टरांनी समोर हात हलवला, तो भावाला कळला. बोटे किती, ते सांगता आले नाही.