कॅरियर नसलेली सायकल
शेजारी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, पऱ्हाटीवर, वांगी भाजली की तो दिवस आठवतो. जावयाने मला डोंगरात चालवायची बॅटरीची सायकल दिली होती, एका हाताने उचलावी इतकी हलकी. टेकडीवरच्या शेतात भरीत करायला निघालो, तर बायको वांग्यांची पिशवी घेऊन उभी. "कॅरियर ते नही शे, मी कोठे बसू?" मी म्हटलं, "तू ये मांगेथीन चालत," आणि पिशवी हँडलला अडकवून सुटलो. दगडगोट्यांतून सायकल नुसती पळत होती. वर पऱ्हाटी पेटवली, वांगी भाजून झाली, तरी ती आली नाही. खाली गेलो, तर छाती धरून दगडावर बसलेली. "व्हयनी का तुमनी मजा?" तिने हसून विचारलं. दोन महिन्यांनी ती गेली. मला अजून रडू आलेलं नाही. परवा धुळ्याला जाऊन सायकलला कॅरियर बसवून आणलं.