फिरकीचा तांब्या

माझे थोरले काका, अण्णा, संस्थानात वसुली कारकून होते. भोर-वेल्ह्याची गावं त्यांनी जन्मभर पायी तुडवली, पण कुठल्या घरचं घोटभर पाणी घेतलं नाही. खांद्याला पितळी फिरकीचा तांब्या असायचा. तो उन्हानं तापायचा आणि अण्णा ते कढत पाणी प्यायचे. लोक म्हणत, सोवळं फार. सोवळं कसलं! "ज्याच्या घरची भांडी उद्या मोजायची, त्याच्या भांड्यानं पाणी कसं प्यायचं?" असं ते काकूला म्हणत. सारा थकला, सरकारी कर्जाची तगाई थकली की जप्ती घेऊन जाणं हे त्यांचं काम. लोक त्यांना जप्तीअण्णाच म्हणत, तेही तोंडावर.

घरात शिरले की काय घेता येत नाही ते आधी सांगायचे. नांगर, बैल, बियाणं, चुलीवरची भांडी, मंगळसूत्र. "याला कायद्यानं हात लागत नाही, बाई. हे आत ठेवा." उरलेल्याचा लिलाव पुकारायचा, तर शेजाऱ्याच्या हंड्यावर गावात कुणी बोली करत नसे. सगळे खाली बघत उभे. शेवटी कापूरहोळचा एखादा व्यापारी यायचा. त्या दिवशी अण्णा घरी आले की न जेवताच आडवे व्हायचे. "दुसऱ्याचं घर रिकामं केलंत, आता स्वतःचं पोट रिकामं ठेवा," काकू म्हणायची.

उत्रोलीच्या सगुणाबाईंचं घर एका म्हशीवर चालायचं. त्यांचा नवरा भावकीतल्या एकाच्या विहिरीच्या तगाईला जामीन राहिला होता. तो भाऊबंद मुंबईला पळाला, नवरा वारला, जामीनकी काही वारली नाही. अण्णा दरवर्षी वर लिहून त्यांना मुदत मिळवून द्यायचे. फार दमायचे त्यात.

मग संस्थान विलीन झालं. राजा गेला, बाकी बुडाली, म्हणून गावांनी साखर वाटली. अण्णाही खुलले. "आता कुणाच्याही ओसरीवर पाणी पिईन," म्हणाले. थोड्याच दिवसांत हुकूम आला: जुनी बाकी नव्या सरकारला येणे आहे, मुदत बंद. अण्णा मला म्हणाले, "राज्य बुडतं गं, बाकी बुडत नाही."

हुकूम खिशात घालून ते उत्रोलीला गेले. सगुणाबाई तांब्या-भांडं घेऊनच पुढं आल्या. "अण्णा, आता तरी प्या. राजाचं राज न्हाई ऱ्हायलं."

अण्णांनी हुकूम वाचून दाखवला. बाईंनी तांब्या खाली ठेवला नाही.

"बाकी सरकारची हाय. पानी माजं हाय. घ्या."

अण्णा प्यायले. तसेच घरी आले आणि नोकरी सोडली. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कारकुनानं म्हैस नेली. मला तेव्हा अण्णांचा संताप आला. राहिले असते तर आणखी एकदा वर लिहिलं असतं! मी तसं बोललेही. ते म्हणाले, "वर आता कोण ऐकणार? दावं मलाच सोडावं लागलं असतं. पाणी प्यायल्यावर हात झाला नसता."

अण्णा गेले त्या दिवशी सगुणाबाई उत्रोलीहून चालत आल्या. काकूजवळ बसल्या. खुंटीवरच्या फिरकीच्या तांब्याकडे बराच वेळ बघत होत्या.

"म्हस काय, आज न्हाई उद्या गेलीच असती," त्या म्हणाल्या. "पर त्येंनी माज्या घरचं पानी घेतलं."