याकचं वासरू आणि पहिली वडी

नव्वदच्या आसपास पारोळ्याला आमची म्हैस व्याली. तिच्यासाठी मी पहाटेपासून गोठ्यात खपलो. दुपारी चुलतभाऊ सुटीवर आला. तो लेहला लष्करात जनावरांचा डॉक्टर. माझे वडील, नाना, त्याच्याच तोंडाकडे बघत बसले.

तो सांगत होता, "वासरानं जन्मल्यावर श्वास घेतला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. उंचावर हवा विरळ, म्हणून आपल्या गायीच्या वासराच्या आवळलेल्याच राहतात, हृदयावर ताण येतो. याकच्या वासराला काही होत नाही."

"बठ्ठं कसं सोपं करी सांगस!" म्हणत नानांनी खरवसाची पहिली वडी त्याला दिली. मग माझ्याकडे वळले, "तू काबर चूप शेस?"

"नाना, माझ्या रक्तवाहिन्या पारोळ्यातच आवळल्या."

चुलतभावानं हसत अर्धी वडी माझ्या ताटात टाकली. आता त्याचा मोठेपणाही सोसेना. वडी मात्र खाल्ली.