दुसऱ्या अर्ध्यात नाव घ्यायचं नाही

बाबू घाडी गाऱ्हाणं घालायला उभा राहिला की कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबतं, असं गावात म्हणायचे. खोटं कशाला सांगू, कुत्री भुंकायचीच. माणसं मात्र गप्प व्हायची. बाकी वेळी बाबूला कोण विचारतो? तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, चार काजूंची बाग, पोटापुरतं भात, आणि बोलायला लागला की अडखळणारा माणूस. पण रवळनाथापुढे नारळ हातात घेऊन उभा राहिला की तोच बाबू न थांबता बोलायचा. सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागायचं आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, एवढंच ते काम. हे काम त्याच्या घराण्याकडे किती पिढ्या होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो स्वतः बेचाळीस वर्षं करत होता.

बापाने मरायच्या आदल्या वर्षी त्याला एकच गोष्ट नीट शिकवली. गाऱ्हाण्याची दोन अर्धी. पहिल्या अर्ध्यात मागायचं. त्यात नाव घे, गाव घे, कोणाची बोट, कोणाची म्हैस, कोणाची सून अडलीय, सगळं घे, आणि सगळ्यात शेवटी आपल्या घराचं माग. दुसऱ्या अर्ध्यात वाईट हटवायचं. इडापिडा, दृष्ट, वाकडी नजर, काय असेल ते मुळासकट उपटून समुद्राला धाड म्हणायचं. पण त्या अर्ध्यात माणसाचं नाव घ्यायचं नाही. बाप म्हणाला होता की देव कधी ऐकेल याचा नेम नसतो, आणि आपला राग तर दोन दिवसांत निवतो.

बाबूने ती मनाशी खूणगाठच बांधून घेतली. भावकीतल्या एकाने त्याचा बांध सरकवला, तेव्हाही यशोदा सांगत होती की त्याचं नाव घ्या. याने नाही घेतलं. यशोदा त्याची बायको, बोलायला फटकळ, आणि बरोबर बोलणारी. आठ दिवस तिने त्याला नुसती पेज वाढली, वर तोंडी लावायला काही नाही. हा मुकाट्याने जेवला.

मग ती निवडणूक आली. पक्षांची नावं सांगून काय करायचंय, तुमच्याकडेही तेच आहेत. एकीकडे शर्मिला वायंगणकर, दुसरीकडे दत्तप्रसाद राणे, आणि दोघांनाही प्रचाराचा नारळ रवळनाथापुढेच ठेवायचा होता. एकाच दिवशी. शर्मिला सकाळी आली, दत्तप्रसाद दुपारी. बाबूने दोघांसाठी सारख्याच मायेने गाऱ्हाणं घातलं, कारण त्याच्या हिशेबी दोघंही देवाचीच पोरं. सकाळी ‘तुझी लेक शर्मिला पायाकडे इलेली आसा, तिका यश दी रे म्हाराजा’ म्हणाला. दुपारी दत्तप्रसादसाठी तेच म्हणाला. दोन्ही वेळा मग दुसरं अर्धं घातलं, नेहमीचं, बिननावाचं. सकाळची माणसं दुपारी नव्हती आणि दुपारची सकाळी नव्हती. दोन्ही गाऱ्हाणी पुरती ऐकलेली माणसं तिघंच, बाबू, देवळाचा गुरव आणि विनीत.

विनीत हा बाबूचा एकुलता एक झील. सत्तावीस वर्षांचा. तळेऱ्याच्या स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. सातबारा काढून दे, पोरांचे फॉर्म भर, म्हाताऱ्यांना पेन्शनचे कागद वाचून दाखव, असली कामं. त्याने मोबाईलवर दोन्ही गाऱ्हाणी घेतली आणि गावाच्या ग्रुपवर टाकली. चारशे माणसं त्या ग्रुपवर, निम्मी मुंबईची. दोन्हीकडची मंडळी खूश व्हावीत एवढाच त्या पोराचा विचार. कोणाचं वाईट त्याच्या मनातही यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी ग्रुपवर एकोणीस सेकंदांचा तुकडा आला. त्यात बाबू म्हणत होता, ‘तुझी लेक शर्मिला पायाकडे इलेली आसा’, आणि लगेच, ‘मुळासकट उपटून समुद्राक धाड रे म्हाराजा’. मागून भरघोस ‘व्हय म्हाराजा’. वर लिहिलं होतं की दत्तप्रसादच्या लोकांनी देवळात बसून बाईच्या मरणाचं मागणं केलं. दोन व्हिडिओ कापून जोडलेले. कोणी जोडले ते आजपर्यंत कळलेलं नाही, आणि आता कळून तरी काय व्हायचं आहे?

बाबूला तो तुकडा यशोदेने दाखवला. आपलाच आवाज, आपलाच सदरा. त्याने चष्मा लावून चार-पाच वेळा बघितला आणि म्हणाला, “नारळ बदल्लो.” खरंच की. सकाळचा नारळ कणकवलीच्या बाजारातला, मोठा, गोल. दुपारचा दत्तप्रसादच्या घरच्या माडाचा, बारका, एका बाजूला काळा डाग. तुकड्याच्या मधोमध हातातला मोठा नारळ गायब होऊन बारका येत होता. बेचाळीस वर्षं नारळ धरलेल्या माणसाला ते पटकन दिसलं. चारशे माणसांना दिसलं नाही.

विनीतने दोन्ही नारळांचे फोटो शेजारी शेजारी लावले, लाल गोल काढले, आणि खाली लिहिलं की दोन्ही पुरते व्हिडिओ याच ग्रुपवर आहेत, वर सरकवून बघा. अहो, बोट फिरवायचं होतं नुसतं. त्याऐवजी किती खाल्लंस म्हणून विचारणारे वीस निघाले. विनीत प्रत्येकाला काका, दादा लावून उत्तर देत बसला. मुंबईत असल्या खोट्या बातम्या तपासणारी भक्ती म्हणून एक मुलगी होती, तिला त्याने सगळं पाठवलं. तिने बाबूला फोन करून दोन तास विचारपूस केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या साइटवर त्या तुकड्यावर लाल अक्षरांत ‘खोटा’ छापलं. विनीतने तेही ग्रुपवर टाकलं. ती साइटच विकली गेलेली आहे, असं लगेच कोणीतरी लिहिलं.

बाबूला राग आला नाही, त्याला लाज वाटली. आपण दुसऱ्या अर्ध्यात नाव घेत नाही हे या लोकांना ठाऊक नाही? यांच्या बारशांना, यांच्या बोटींना, यांच्या मयतांनंतर आपणच उभे होतो ना? दोन दिवस तो बागेतही गेला नाही. विनीत म्हणाला की बाबा, मी समजावतो, आपलीच माणसं आहेत.

त्या आपल्या माणसांतला एक चंदन. नर्मदाचा मुलगा, वाडीतलाच. नर्मदाला अकरा वर्षं मूल नव्हतं. बाबूने तिच्यासाठी गाऱ्हाणं घातलं आणि पुढच्या जत्रेला ती चंदनला ओटीत घेऊन आली. गाव त्याला गाऱ्हाण्याचो पोर म्हणायचं. विनीतपेक्षा तीन वर्षांनी लहान. सायकल विनीतनेच शिकवली, आयटीआयचा फॉर्म विनीतनेच भरला, एक पैसा न घेता. आता तो शर्मिलाच्या प्रचारात गाडी फिरवायचा. त्या रात्री त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या स्टँडवर येतंय, बघूया कोण खोटो.’ विनीतला ती थट्टा वाटली. त्याने ‘ये, चाय पाजतंय’ असं उत्तर दिलं.

सकाळी सव्वादहाला चौघे आले. पुढचं सगळं गुरवाच्या मुलीने, सृष्टीने, पाहिलं. ती दाखल्याचा फॉर्म भरायला तिथे उभी होती. पोस्ट काढ आणि माफी माग, म्हणाले. विनीत म्हणाला, “चंदन, पुरो बघ तरी रे. तीन मिनटांचो आसा.” आणि त्याने मोबाईल पुढे केला. चंदनने तो उडवला. मग ढकलाढकली, मग विनीत पडला तो दुकानाच्या पायरीच्या कडेवर, डोक्यावर. पडल्यावरही बाकीच्यांनी लाथा घातल्या. चौथा मोबाईलवर शूट करत होता.

बाबूला निरोप यायच्या आधी ग्रुपवर तो व्हिडिओ आला. पायाकडून घेतलेला, हलणारा. त्याने विनीतला ओळखलं नाही, दुकानाची निळी पाटी ओळखली. ती त्यानेच रंगवली होती, शेवटचं अक्षर जागा न पुरल्याने बारीक झालेलं. त्याखाली कोणीतरी तोवर लिहून टाकलं होतं, ‘ह्यो खोटो व्हिडिओ आसा, बाहेरच्या राज्यातलो, पुढे पाठवू नये.’ आणि त्याला पंचवीस अंगठे होते. खरंखोटं तपासायची अक्कल गावाला आली ती नेमकी त्या वेळी आली.

विनीतला कणकवलीहून ओरोसला आणि ओरोसहून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात हलवलं. सहा दिवस बाबू तिथल्या कॉरिडॉरमध्ये बसून होता. तिथे देव नव्हता, नारळ नव्हता. त्याने तोंडातल्या तोंडात रोज गाऱ्हाणं घातलं आणि ‘व्हय म्हाराजा’ही स्वतःच म्हटलं. सहाव्या दिवशी विनीत गेला.

निवडणूक व्हायची तशी झाली. कोण निवडून आलं ते मला विचारू नका. बाराव्याला शर्मिला आणि दत्तप्रसाद दोघेही आले, एकाच बाकड्यावर बसले, चहा प्याले आणि एका गाडीमागून दुसरी गाडी अशी निघूनही गेले. भक्तीचा फोन आला. ती रडत होती, माझ्यामुळे झालं का म्हणत होती. बाबूने तिलाच समजावलं की बाय, तू खरं तेच लिहिलंस. चंदन आणि बाकीचे तिघे कोठडीत होते.

पौषात जत्रा आली. सुतक फिटलं होतं. यंदा भावकीतल्या कोणाला तरी उभं करूया, असं मानकरी म्हणाले. बाबू म्हणाला, मीच येतो. आणि तेवढ्यावरून गावभर झालं की बाबू यंदा नाव घेणार. ज्यांनी त्या तुकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता ते आता घाबरले. तोंडावर कोणी बोलेना, पण बाबू रस्त्याने निघाला की लोक आत सटकायचे.

जत्रेच्या आदल्या दिवशी नर्मदा आली. अंगणातच उभी राहिली, वर यायला धजेना. तीन महिन्यांत बाई निम्मी झाली होती. ती म्हणाली, “दादानु, माझ्या चंदनाचा नाव घेव नकात. तुमच्याच गाऱ्हाण्यान इलेलो तो. तुमच्याच गाऱ्हाण्यान जायत.” नर्मदा बराच वेळ उभी राहिली आणि गेली.

यशोदा दारामागून ऐकत होती. ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली. मुलगा गेल्यापासून ती फारशी बोललीच नव्हती. “नाव घेवा,” ती म्हणाली. “भावकीचा नाय घेतलात, मी गप रवलंय. आता घेवा. माझ्या झिलाक लाथ घालताना तेंका देव आठवलो नाय.” बाबूने मान हलवली. हो म्हणाला की नाही, हे तिलाही कळलं नाही आणि खरं तर त्यालाही नाही. बापाचं बोलणं त्याच्या डोक्यात होतं, पण हा राग दोन दिवसांत निवणारा नव्हता. तीन महिने झाले, तो वाढतच होता.

सकाळी ओट्या भरायच्या आधी तो देवापुढे उभा राहिला. देऊळ भरलं होतं, सभामंडपाबाहेरही माणसं. नर्मदा खांबाला टेकून उभी होती. यशोदा आलीच नाही. बाबूने नारळ घेतला आणि पहिलं अर्धं सुरू केलं. आवाज नेहमीचा. बारा-पाचाच्या देवाला, म्हणजे गावच्या सगळ्या देवतांना एकदमच, हाक मारली, शेतं मागितली, आंब्याचा मोहर मागितला, बोटी मागितल्या, मुंबईतल्या पोरांच्या नोकऱ्या मागितल्या. लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते, जरा हळूच, सगळ्यांचं लक्ष पुढच्या अर्ध्याकडे. तोही मनात चार नावं जुळवत होता. कोणाचं आधी, कोणाचं नंतर. चंदनचं शेवटी, म्हणजे ते नीट ऐकू जाईल.

आणि त्या नादात पहिल्या अर्ध्याचं शेवटचं मागणं आलं, घरचं. ते तोंडाला इतकं सवयीचं होतं की त्याचं त्यालाच कळलं नाही. “आणि माझ्या यशोदेक, माझ्या विनीताक सुखी ठेव, तेका वायच चार वर्षां जास्त दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” अख्खं देऊळ म्हणालं. सवयीने. नर्मदाही म्हणाली.

मग सगळ्यांना एकदमच कळलं. कोणी मान वर करेना. पुढे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने तोंडावर उपरणं धरलं. बाबू नारळाकडे बघत उभा होता. दुसरं अर्धं त्याला पाठ होतं, चार नावंही पाठ होती. गुरव दोनदा खाकरला. शेवटी बाबूने नारळ त्याच्या हातात दिला, चपला शोधल्या आणि पायऱ्या उतरून घरी चालू लागला. त्याला वाट द्यायला माणसं बाजूला सरत होती.

यशोदा पडवीत बसली होती. त्याला इतक्या लवकर आलेला बघून ती उठली.

“घेतलात नाव?”

“घेतलंय गो.”

“कोणाचा?”

बाबू तिच्या शेजारी जमिनीवरच बसला.

“विनीताचा,” तो म्हणाला.